कीचकाची रिळं आणि बंगळुरूची थंडी

शुक्रवारी रात्री मारतहळ्ळी ब्रिजच्या स्टॉपवर उभं राहिलं, की बंगळुरूत मराठी किती बोललं जातं ते कळतं. एकीकडे एचएएलची लांबलचक भिंत, दुसरीकडे फॅक्टरी आउटलेटच्या सेलच्या पाट्या, डोक्यावर मेट्रोचे खांब आणि खाली पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन ताटकळलेली पोरं. पुण्याची स्लीपर येते, कोल्हापूरची येते. क्लीनर दारात लटकून ‘हुबळी, बेळगाव, कोल्हापूर’ असं एका दमात ओरडतो. कुणी फोनवर घरी सांगत असतं, ‘सकाळी निपाणी आली की फोन करतो.’ सोमवारी पहाटे हीच पोरं डोळे चोळत याच स्टॉपवर उतरतात आणि थेट ऑफिसात जातात.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी असाच दर आठवड्याला बंगळुरूच्या वाऱ्या करणारा एक माणूस होता. तो यायचा मद्रासहून. त्याच्याजवळ पत्र्याचे डबे असत आणि डब्यांत चित्रित झालेली, पण अजून न धुतलेली फिल्म. शनिवार-रविवारी ती धुवायची आणि सोमवारी सकाळी मद्रासला परतून पुढचं चित्रण सुरू करायचं, असा त्याचा क्रम होता. मारतहळ्ळी तेव्हा शहराच्या पूर्वेला, तळ्याकाठचं नाचणीच्या शेतांचं खेडं होतं. एचएएलचा विमानांचा कारखाना यायला अजून दोन तपं बाकी होती. तो कारखाना पुढे १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभा केला.

मद्रासच्या त्या माणसाचं नाव आर. नटराज मुदलियार आणि डब्यांतल्या चित्रपटाचं नाव ‘कीचक वधम्’. दक्षिण भारतात तयार झालेला हा पहिला कथापट. आज त्याची फूटभर फिल्मसुद्धा शिल्लक नाही.

मोटारी विकणारा मुदलियार

नटराज मुदलियार मूळचे वेल्लोरचे. नाटक, चित्रकला, छायाचित्रण यांपैकी कशातच त्यांची उमेदवारी झालेली नव्हती. आधी सायकलींचा धंदा, मग अमेरिकन मोटारी आणि त्यांचे सुटे भाग मागवून विकायचा. ‘रोमर डॅन अँड कंपनी’ हे त्यांच्या पेढीचं नाव. हजार रुपयांना मोटार मिळायची तो काळ. मद्रासच्या गेइटी थिएटरात त्यांनी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिला आणि आपणही असं काही करावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. फाळक्यांच्या चित्रपटाने ज्यांची झोप उडवली, अशी माणसं तेव्हा देशभर होती. त्यांतली बहुतेक चार दिवस बेत करून गप्प बसली. मुदलियारांनी मात्र धंद्यातला पैसा काढला आणि ओळखीच्या व्यापाऱ्यांनाही त्यात पैसे घालायला लावले.

कॅमेरा त्यांना मिळाला तंजावरकडच्या एका मूपनार जमीनदाराकडून. विल्यमसन कंपनीचा ३५ मिलिमीटरचा लाकडी कॅमेरा आणि प्रिंट काढायचं यंत्र, दोन्ही मिळून १,८०० रुपयांना. कोरी फिल्म मिळणं त्याहून अवघड होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि फिल्म विलायतेतूनच यायची. कोडॅकच्या मुंबई शाखेतल्या कार्पेंटर नावाच्या इंग्रजाने ती मिळवून दिली. १९१७ मध्ये ‘इंडिया फिल्म कंपनी’ उभी राहिली आणि मद्रासच्या पुरसवाक्कम भागात, मिलर्स रोडवरच्या ‘टॉवर हाउस’ नावाच्या बंगल्यात स्टुडिओ सुरू झाला.

स्टुडिओ म्हणजे मोकळी जागा आणि तिच्यावर ताणलेलं पातळ पांढरं कापड. विजेचे दिवे नव्हते, सगळी भिस्त सूर्यावर. भर दुपारचं ऊन चेहऱ्यावर थेट पडलं तर डोळ्यांखाली काळे खड्डे दिसत, म्हणून ते कापडातून गाळून घ्यायचं. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. कुंकू, ओठ, लाल शालू सगळं पडद्यावर काळंठिक्कर उतरायचं आणि निळं आकाश पांढरं फटक. म्हणून त्या काळातले नट तोंडाला पांढरा रंग थापून उभे राहिलेले दिसतात. विराटाच्या दरबारातला श्रीमंती थाट असल्या करड्या-काळ्या हिशेबातून उभा करायचा होता.

कीचकाची भूमिका राजू मुदलियार यांनी केली आणि द्रौपदीची जीवरत्नम् यांनी. नटांना तालीम द्यायला आणि पटकथा बसवायला रंगवडिवेलू नावाचे वकील मदतीला होते. सुमारे ३५ दिवसांत चित्रण संपलं. खर्च झाला ३५,००० रुपये, लांबी भरली ६,००० फूट. तेव्हाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १६ चित्रं या दराने, एक फूट फिल्म एका सेकंदात सरते. तेव्हा चित्रपट साधारण शंभर मिनिटांचा झाला आणि त्यात ९६,००० चित्रं आली. हॅण्डलच्या एका फेऱ्यात आठ चित्रं निघत. दोन फेरे म्हणजे एक सेकंद. कॅमेऱ्यामागचा माणूस मनातल्या मनात ठेका धरून हॅण्डल फिरवायचा. ठेका चुकला की पडद्यावर भीम धावायच्या ऐवजी दुडदुडायचा.

पुण्यातली शिकवणी

हा ठेका मुदलियार शिकले ते पुण्यात. स्टुअर्ट स्मिथ नावाचा एक इंग्रज छायाचित्रकार तेव्हा पुण्यात असे. लॉर्ड कर्झनवरच्या माहितीपटाचं काम त्याने केलेलं होतं. मुदलियारांनी त्याच्याकडून कॅमेरा चालवण्याचे धडे घेतले आणि ते मद्रासला परतले.

मराठी वाचकाला इथे थोडं थबकावं लागतं. कर्झन आणि कीचक ही जोडी महाराष्ट्राच्या चांगल्याच ओळखीची. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा माजलेला कीचक म्हणजे कर्झन, विटंबना सोसणारी सैरंध्री, म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी, ही भारतमाता, मवाळ युधिष्ठिर आणि जहाल भीम, हे प्रेक्षकांना समजावून सांगावं लागलं नव्हतं. सरकारलाही ते कळलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्यानंतर काही वर्षांतच ज्याने कर्झनला कॅमेऱ्यात पकडलं, त्याच माणसाचा मद्रासी चेला आपला पहिला चित्रपट काढायला बसला आणि त्याने निवडली ती कीचकाची गोष्ट! पुण्यात असताना खाडिलकरांचं नाव त्याच्या कानावर गेलं असेल, असा तर्क करायचा मोह होतो. पण कीचकवध हा तमिळ रंगभूमीवरही मुरलेला विषय होता. मूकपटाला असंच आख्यान परवडायचं. विराटाघरचा अज्ञातवास, सैरंध्रीवर वाकडी नजर, नर्तनशाळेत बायकी वेशात दबा धरून बसलेला भीम, यातलं काहीही शब्दांनी सांगायची गरज नाही. भीमाने उपरणं डोक्यावरून घेतलं, की थिएटरातल्या शेवटच्या बाकावरच्या माणसालाही पुढचं ठाऊक.

तरीही मधूनमधून पाट्या लागतच. ‘कीचक वधम्’च्या पाट्या तीन भाषांत होत्या. तमिळ पाट्या नाटककार पम्मल संबंध मुदलियार यांनी लिहिल्या आणि हिंदी पाट्या महात्मा गांधींचे चिरंजीव देवदास यांनी. चित्रपट १९१७ चा की १९१८ चा, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या वादात ही हिंदी पाट्यांची गोष्ट कामाची आहे. देवदास मद्रासला हिंदी शिकवायला गेले ते १९१८ साली, अवघ्या अठराव्या वर्षी. हिंदी प्रचाराचा मद्रासमधला पहिला शिक्षक सिनेमाच्या पाट्याही लिहीत होता, तर चित्रपट पडद्यावर यायला १९१८ उजाडलं असणं जास्त जुळतं.

थंडीचा हिशेब

पण चित्रपट मद्रासला, स्टुडिओ मद्रासला, थिएटर मद्रासला. मग फिल्म धुवायला बंगळुरूला कशाला?

उत्तर जिलेटिनमध्ये आहे. फिल्मच्या पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे कण. प्रकाश पडलेले कण डेव्हलपरमध्ये काळे पडतात, न पडलेले हायपोमध्ये विरघळून जातात, आणि मग ते सगळं स्वच्छ पाण्यात बराच वेळ खळबळून धुवावं लागतं. या रसायनांना १८ ते २० अंश सेल्सिअस मानवतं. मद्रासच्या नळाला उन्हाळ्यात येणारं पाणी तिशीच्या पुढचं. तेवढ्या उबेत डेव्हलपर भरमसाट वेगाने काम करतो, जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, त्याला सुरकुत्या येतात आणि कधी सगळा थर पट्टीवरून सुटून हातात येतो. द्रौपदीचा चेहरा टाकीच्या तळाशी गाळ होऊन बसला, तर ते दृश्य पुन्हा घ्यायचं म्हणजे पुन्हा नट, पुन्हा ऊन आणि पुन्हा ती मिळता न मिळणारी फिल्म.

त्यावर उपाय होते. बर्फाच्या लाद्या आणून टाक्या थंड ठेवायच्या, किंवा तुरटी आणि फॉर्मेलिनसारख्या रसायनांनी जिलेटिन कडक करून घ्यायचं. मुदलियारांनी तिसरा उपाय काढला. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवरचं, बाराही महिने हवेशीर असलेलं बंगळुरू साडेतीनशे किलोमीटरवर होतं. तिथली हवा आपल्या फिल्मला मानवेल म्हणून त्यांनी तिथेच लॅब थाटली. शहराची बाकी तयारीही होती. शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज १९०५ पासून शहरात आली होती आणि हेसरघट्ट्याच्या तलावाचं पाणी नळाने शहरात खेळत होतं.

ते काम कसं चालायचं, ते त्या काळच्या लॅबच्या सर्वसाधारण पद्धतीवरून कळतं. खोलीत अंधार आणि फक्त लाल दिवा. फिल्मला लाल दिसत नसल्याने तेवढा उजेड चालतो. लाकडी चौकटीवर फिल्म गुंडाळायची, एकेक वळसा सुटा राहील अशी. चौकट उभी डेव्हलपरच्या टाकीत सोडायची, मध्येच वर काढून लाल उजेडापुढे धरायची आणि चित्र कितपत उमटलं ते नजरेने जोखायचं. हे घड्याळावर सोडून भागत नसे. प्रत्येक दृश्याचं ऊन निराळं, म्हणून प्रत्येक तुकड्याला टाकीतला वेळ निराळा. मग पाणी, मग हायपो, मग पुन्हा भरपूर पाणी, आणि शेवटी मोठ्या लाकडी ढोलावर गुंडाळून तो हलके फिरवत वाळवणं. ओल्या जिलेटिनवर धुळीचा कण बसला तर तो पडद्यावर लिंबाएवढा दिसतो. वाळलेल्या पट्टीवर बोटाचा ठसा उमटला तर तो कायमचा.

नाशिक-मुंबईकडे फाळक्यांच्या घरी हीच कामं घरातली माणसं करत होती. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं किचकट काम सरस्वतीबाई फाळके रात्री बसून करत. भारतीय सिनेमाची पहिली दहा वर्षं अशी घरगुती कारखानदारीची आहेत. तिथे सुतार, वकील, मोटारविक्या, गृहिणी सगळे आहेत. ‘सिनेमावाला’ म्हणावा असा माणूस अजून जन्मायचा आहे.

कोल्हापूरचा कीचक

‘कीचक वधम्’ मद्रासच्या एल्फिन्स्टन थिएटरात लागला आणि चालला. मग प्रिंट देशात फिरल्या, पुढे ब्रह्मदेश, सिलोन, मलाया आणि सिंगापूरला गेल्या. तमिळ माणूस जिथे जिथे मळ्यांत, बंदरांत कामाला गेला होता, तिथे तिथे कीचक गेला. सगळी मिळून पन्नास हजारांची कमाई झाली, म्हणजे खर्च वजा जाता पंधरा हजारांचा नफा.

त्याच सुमाराला कोल्हापुरात दुसरा कीचक उभा राहत होता. बाबूराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिला होता. कॅमेरा विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला आणि तो खोलून यंत्र कसं चालतं ते समजून घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ पर्यंत कॅमेरा पुरा केला. भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकर यांनी आणि पाठबळ शाहू महाराजांचं. अशी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, म्हणजे पुन्हा तोच कीचक. ७ फेब्रुवारी १९२० रोजी तो पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला.

फरक होता तो नजरेचा. रंगवलेल्या पडद्यांवर आयुष्य काढलेल्या बाबूरावांनी पडदे काढून टाकले आणि खोली असलेले, ज्यांच्या खांबामागून माणूस चालत जाऊ शकेल असे सेट उभारले. नटाने कुठून यायचं, उजेड कुठून पडायचा, ते आधी कागदावर रेखाटलं जायचं. कीचकाचा वध इतका खरा वाटला, की प्रेक्षक हादरले आणि पुढे ते दृश्य कापावं लागलं. द्रौपदीच्या कामाला पुरुष न घेता कोल्हापूरच्या बायकांना कॅमेऱ्यापुढे उभं केलं होतं. गुलाबबाई ‘कमलादेवी’ झाल्या आणि अनसूयाबाई ‘सुशीलादेवी’. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

‘सैरंध्री’ही आज नाही. बाबूरावांचा ‘सिंहगड’ (१९२३) नाही. सावकाराने खोट्या कागदावर जमीन लाटलेला आणि गिरणीत मजुरीला लागलेला शेतकरी ज्यात तरुण शांताराम वणकुद्रेने उभा केला, तो ‘सावकारी पाश’ (१९२५) नाही. आपल्याकडच्या वास्तववादी चित्रपटाचं मूळ म्हणून ज्याचा हवाला दिला जातो, तो चित्रपट, तो हवाला देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेलाच नाही. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. कॅमेऱ्याला मानस्तंभ असलेल्या या गावात त्या कॅमेऱ्याने टिपलेला पहिला चित्रपट दाखवता येत नाही.

चित्रपट जातो कसा

मूकपट हरवले, असं आपण सहज म्हणतो. खरं तर त्यांतले बरेचसे विकले गेले. त्याचं गणित साधं होतं.

एका चित्रपटाच्या प्रिंट मोजक्याच निघत. त्या मोठ्या थिएटरातून छोट्या गावात, तिथून तंबूत, तंबूतून जत्रेत जायच्या. दर खेळाला काही ओरखडे पडायचे, कुठे पट्टी तुटायची, तुटलेला भाग कापून उरलेली टोकं चिकटवायची. वर्षभरात सहा हजार फुटांचे साडेपाच हजार व्हायचे. ‘राजा हरिश्चंद्र’चंच पाहा. मूळ चित्रपट ३,७०० फुटांचा. आज त्यातलं १,४७५ फूट आपल्याकडे आहे, आणि तेही १९१३ चं नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात.

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत मूकपटांना गिऱ्हाईकच राहिलं नाही. गोदामात पडलेल्या रिळांची एकच किंमत उरली, ती म्हणजे त्यांतली चांदी. जिलेटिनच्या थरातली चांदी रसायनांनी काढून घेता येते. ते काम करणारे फिल्म वजनावर न्यायचे. चांदी काढून उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या व्हायच्या, असं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर सांगत. खुद्द ‘आलम आरा’च्या शोधात ते अर्देशीर इराणींच्या घरी गेले, तेव्हा शेवटची रिळंही चांदीसाठी गेल्याचं त्यांना तिथेच समजलं. बांगड्या होऊन कुणाच्या हातात कीचक गेला असेल, कुणाच्या हातात सैरंध्री.

जे विकलं गेलं नाही, ते आपोआप मेलं. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. नायट्रेट पेटायला फार उष्णता लागत नाही आणि एकदा पेटलं की ते स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवतं. पाण्यात बुडवलं तरी जळत राहतं. न पेटलेलं नायट्रेटही उबदार, दमट हवेत हळूहळू कुजतं. आधी चित्र पिवळट पडतं, मग पट्टी चिकट होते, वळसे एकमेकांना धरून बसतात, वर फेसाचे फुगे येतात, रिळाचा दगड होतो आणि शेवटी डबा उघडला की तपकिरी भुकटी निघते. डबा उघडण्याआधी वास येतो तो तिखट, नाकाला झोंबणारा. कुजताना सुटलेल्या वायूने शेजारचं रीळही नासतं. कोल्हापूर, मद्रास, कलकत्ता यांपैकी कुठल्याच हवेत नायट्रेट स्वतःच्या बळावर टिकणारं नव्हतं.

मुदलियारांच्या वाट्याला आगही आली. ‘द्रौपदी वस्त्रापहरणम्’सह आणखी काही पौराणिक चित्रपट त्यांनी काढले. १९२३ च्या सुमाराला स्टुडिओला आग लागली. त्याच काळात त्यांचा मुलगा गेला. मग त्यांनी सिनेमा सोडला तो कायमचा. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं ते जगले. तमिळ सिनेमाचा जनक म्हणून त्यांचा गौरव झाला, पण त्यांच्या चित्रपटांपैकी एकही कुणाला दाखवता आला नाही.

कोल्हापूर–बंगळुरू

बंगळुरूने धुतलेला चित्रपट गेला, तसे बंगळुरूत तयार झालेलेही गेले. हरिभाई देसाईंच्या सूर्य फिल्म कंपनीने १९२९ नंतर इथेच एकामागून एक मूकपट काढले. मोहन भवनानींनी ‘मृच्छकटिक’वरून ‘वसंतसेना’ केला. त्यात एणाक्षी रामा राव होत्या, आणि पुढे हस्तकलांच्या पुनरुज्जीवनासाठी ज्यांचं नाव घेतलं जातं त्या कमलादेवी चट्टोपाध्यायही होत्या. भल्या घरच्या, चळवळीत वावरणाऱ्या बाईने पडद्यावर येणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. कन्नड रंगभूमीचे गुब्बी वीरण्णा यांनीही मूकपटांत पैसे घातले.

मग बोलपट आला आणि गाडी उलट दिशेने धावू लागली. बंगळुरूत ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती, कोल्हापुरात होती. म्हणून पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रित झाला. वाय. व्ही. राव दिग्दर्शक, सुब्बय्या नायडू आणि आर. नागेंद्र राव प्रमुख भूमिकांत. कन्नड नटांचा ताफा काही आठवडे कोल्हापुरात मुक्कामाला होता. ३ मार्च १९३४ रोजी बंगळुरूच्या सिटी मार्केटजवळच्या पॅरामाउंट थिएटरात चित्रपट लागला आणि लोटालोट झाली. त्याचीही प्रिंट आज नाही. आज कन्नड चित्रपटसृष्टीला सगळे ‘गांधीनगर’ म्हणतात, कारण निर्माते-वितरकांच्या कचेऱ्या त्या भागात आहेत. बंगळुरूचं महाराष्ट्र मंडळही त्याच गांधीनगरात आहे. गणपतीच्या कार्यक्रमाला तिथे जमणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, की या गल्ल्यांतल्या चित्रपटसृष्टीचा पहिला बोलपट कोल्हापूरहून आला होता.

सापडतं ते कुठे

भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. पूर्ण किंवा तुकड्यांत हाती राहिलेले तीसच्या आसपास आहेत. ते कसे राहिले ते पाहिलं, की चित्रपट जपण्याचा कुणाचा ठरवून केलेला बेत त्यामागे फारसा दिसत नाही.

फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) नायरांनी फाळके कुटुंबीयांकडून तुकड्या-तुकड्यांनी मिळवला आणि फाळक्यांच्या टिपणांच्या आधाराने जुळवला. छोट्या मंदाकिनी फाळकेचा कृष्ण आज आपण पाहतो, तो या जुळणीमुळे. त्रावणकोरच्या ‘मार्तंड वर्मा’ची (१९३३) गोष्ट आणखी मासलेवाईक आहे. कादंबरीचे हक्क ज्यांच्याकडे होते त्या प्रकाशकांनी निर्मात्याला कोर्टात खेचलं, चित्रपट थांबला, निर्माता बुडाला आणि प्रिंट प्रकाशकांच्या ताब्यात पडून राहिली. चाळीस वर्षांनी, १९७४ मध्ये, ती पुण्याच्या संग्रहालयाला मिळाली. चित्रपट चालला असता तर प्रिंट गावोगाव फिरून झिजली असती. खटल्याने चित्रपट मारला आणि खटल्यानेच वाचवला. कलकत्त्याच्या ‘बिल्वमंगल’चा (१९१९) काही भाग तर निघाला पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेजमध्ये. २०१६ मध्ये त्याची डिजिटल प्रत पुण्याला आली.

म्हणजे शोधायचं कुठे, तर कोर्टाच्या मुद्देमालात, वारसांच्या माळ्यावर, आणि चित्रपट जिथे शेवटचा दाखवला गेला त्या थंड किंवा दूरच्या गावात. वितरकाला शेवटच्या थांब्यावरून प्रिंट परत मागवण्याचा खर्च परवडत नसे. तो ती तिथेच सोडून देई. ‘कीचक वधम्’च्या बाबतीत हे शेवटचे थांबे रंगून, कोलंबो आणि सिंगापूर असावेत.

थंडीचं बिल

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथल्या तळघरांत आणि कोथरूडच्या गोदामांत फिल्मचे डबे आडवे, एकावर एक ठेवलेले असतात. दारं जाड, हवा कोरडी आणि गार. आत शिरणारा माणूस बाहेर पुण्याचा उन्हाळा असला तरी अंगावर काहीतरी घेतो. मुदलियारांना ती थंडी दोन दिवसांसाठी हवी होती आणि ती त्यांना रेल्वेच्या तिकिटाच्या पैशांत मिळाली. संग्रहालयाला ती रोजची, चोवीस तासांची लागते आणि तिचं विजेचं बिल दर महिन्याला येतं. वातानुकूलन बंद पडलं, डबे तपासणारी माणसं कमी झाली, की काय होतं तेही पुण्याने पाहिलेलं आहे. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या गोदामाला आग लागली. प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या भूमीवर शेकडो चित्रपटांची हजारो रिळं काही तासांत गेली. नंतर राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी सुमारे ६०० कोटी रुपये मंजूर झाले आणि रिळं तपासणं, दुरुस्त करणं, डिजिटल करणं यांना वेग आला.

डिजिटल झालं म्हणजे सुटलो, असं मारतहळ्ळीत कुणी म्हणणार नाही. इथल्या निम्म्या पोरांचं पोट सर्व्हर चालते ठेवण्यावर आहे. पलीकडे व्हाइटफील्डला डेटा सेंटर आहेत आणि त्यांच्याही खर्चाचा मोठा भाग यंत्रं गार ठेवण्यात जातो. डिस्क काही वर्षांत बदलावी लागते, फाइलचा प्रकार जुना होतो, प्रत दुसरीकडे हलवावी लागते, आणि कंपनीने ‘हा डेटा कुणी बघत नाही’ असं ठरवलं की एका बटणात सगळं जातं. १९३१ नंतर मूकपटांचं नेमकं हेच झालं होतं. आणि ज्या हवेवर भरवसा ठेवून मुदलियार येत होते, ती हवाही राहिलेली नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये बंगळुरूचा पारा ३९.२ अंशांवर गेला. त्या दिवशी इथे बर्फाशिवाय फिल्म धुता आली नसती.

जुनी रिळं अजून घरांत निघतात. तंबू सिनेमा चालवलेल्या आजोबांच्या ट्रंकेत, वाड्याच्या माळ्यावर, बंद पडलेल्या थिएटरच्या मशीनखोलीत. संग्रहालयातली माणसं अशा वेळी काही गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात. डबा उन्हात ठेवू नका, देवघराजवळ किंवा गॅसजवळ उघडू नका. झोंबणारा वास आला तर ती नायट्रेटची फिल्म समजा, घराबाहेर सावलीत हलवा. रीळ उलगडून पाहायचा मोह आवरा, कारण चिकटलेला वळसा ओढला की चित्र सालीसारखं निघून येतं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, त्याला हवा लागू द्या. कुरिअरने पाठवू नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. डब्यात सापडलेली कागदाची चिठ्ठी, पावती, हँडबिल काहीही टाकू नका. चित्रपट ओळखायला पुष्कळदा तेच कामी येतं.

‘कीचक वधम्’ची पूर्ण प्रिंट असलीच, तर ती हजार फुटांच्या सहा डब्यांत मावेल. तिच्यावरच्या पाट्या इंग्रजी, तमिळ आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत असतील. ‘सैरंध्री’च्या डब्यावर मराठी असेल. पेनांगच्या एखाद्या जुन्या पेढीत, कोलंबोच्या एखाद्या गोदामात किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या माळ्यावर असा डबा ज्याच्या हाती लागेल, त्याने आधी तो वजनकाट्यापासून लांब ठेवावा आणि मग फोन करावा.